चालता लपका

न्यूयॉर्क राज्यात कयुगा सरोवराच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याला लागून सुमॅकची झुडपं माजली आहेत. कूळ आंबा, काजू, बिब्ब्याचं. फांद्यांवर मखमली लव. जूनच्या उन्हात जवळ जाऊन पाहिलं, तर पानं कुरतडलेली आणि त्यांवर पक्ष्याने शिटावं तसे ओले, काळपट लपके. त्यातला एक लपका चक्क चालू लागला!

ती निघाली ब्लेफारिडा ऱ्होइस या उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. हिचं गुदद्वार पाठीच्या बाजूला उघडतं. विष्ठा बाहेर पडते ती थेट अंगावर, आणि पाठभर पसरते. काडीने लेप जरा बाजूला केला. खाली पिवळट, लुसलुशीत अंग. कोणत्याही मुंगीने तोंडात टाकावा असा घास.

पण मुंग्या तिच्या वाटेला जात नाहीत. लेप काढून टाकला की मात्र तिची धडगत नाही, हे संशोधकांनी प्रयोग करून पाहिलं आहे. त्याहून नवल पुढेच. अळ्यांना सुमॅकऐवजी लेट्यूसची पानं चारली. विष्ठेचा लेप तसाच चढला, पण मुंग्या त्याला जुमानेनात! म्हणजे मुंग्यांना घाणीचं वावडं नाही. त्यांना रोखतात ती सुमॅकच्या पानांतून आलेली रसायनं. अळी जे खाते त्याच्यावर पोसते, आणि जे टाकते त्याच्या आडोशाने जगते.

हिच्या गोतातल्या डायाम्फिडिया या भुंगेऱ्याचं प्रकरण तर आणखी जहाल. आफ्रिकेतल्या कलाहारीचे सॅन जमातीचे शिकारी त्याच्या अळ्यांचं विष बाणांना लावत आले आहेत. सुमॅकवरची अळी मात्र पोटभर पाला खाते, मातीत उतरते आणि तिथेच कोशात जाते.

वरच्या फांदीवर एक प्रौढ भुंगेरा बसला होता. जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा, डोकं तांबूस, पंखांवर पिवळट-तपकिरी नक्षी. लेपाबिपाचा पत्ता नाही. बोट पुढे केलं मात्र, स्वारी टुणकन गायब! त्याच्या मागच्या जाडजूड मांड्यांत कायटिनची एक वाकडी स्प्रिंग असते. स्नायू तिच्यात ताण भरतात. तो सुटला की उडी. या जातकुळीतल्या भुंगेऱ्यांच्या मांडीची रचना १९२९ साली उलगडून मांडली ती एस. मौलिक या भारतीय कीटकशास्त्रज्ञाने. त्या स्प्रिंगला आजही ‘मौलिकचं इंद्रिय’ म्हणतात. अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या झुडपावर बसलेला भुंगेरा आपल्या माणसाचं नाव मांडीत घेऊन उड्या मारतोय, हे कोणाच्या ध्यानीमनी तरी येईल का?