‘आधी करून टाका, कोर्ट काय ते बघेल’

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण वाचा, कारण विषय आपल्या ॲरिझोनाचा आहे आणि आपल्या मराठी ग्रुपवर त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

२१ जून २०२२ आठवतोय? आपल्या सगळ्यांचे फोन त्या दिवशी सुरतच्या बातम्यांनी भरून वाहत होते. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेत, मग गुवाहाटी, आकडा किती झाला, दोन-तृतीयांश जमले का, हेच चाललं होतं. आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये, ६ जानेवारीच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीपुढे मेसाचा एक आमदार साक्ष देत होता. मेसा म्हणजे आपल्यातल्या कित्येकांसाठी घरापासून वीस मिनिटं. माणसाचं नाव रस्टी बॉवर्स. तेव्हा ते ॲरिझोना हाऊसचे स्पीकर होते, म्हणजे आपल्या भाषेत विधानसभा अध्यक्ष. फरक इतकाच की इथला स्पीकर नुसता सभागृह चालवत नाही, आपल्या पक्षाचा सभागृहातला नेताही तोच असतो.

आधी हा माणूस कोण ते सांगतो. बॉवर्स पक्के रिपब्लिकन. मॉर्मन, धार्मिक, गर्भपाताला विरोध, कर कमी असावेत या मताचे. आपल्या राज्यात सरसकट अडीच टक्के इन्कम टॅक्स आणणारा कायदा २०२१ मध्ये त्यांच्याच काळात मंजूर झाला. कोलोरॅडो नदीच्या पाणीकपातीच्या २०१९ च्या योजनेत त्यांचा हात होता. धंद्याने शिल्पकार आणि चित्रकार. २०२० मध्ये त्यांनी ट्रम्प यांना मत दिलं, त्यांचा प्रचारही केला. मी स्वतः इंडिपेंडंट म्हणून नोंदवलेला मतदार. बॉवर्स यांची दहा मतं समोर ठेवली तर सात-आठांवर माझं त्यांच्याशी पटणार नाही. तरीही लिहितोय, ते उरलेल्या दोन-तीनांसाठी.

२०२० ला ॲरिझोनात बायडन १०,४५७ मतांनी जिंकले. फरक फारच थोडा, त्यामुळे आरडाओरडा होणार हे उघड होतं. २२ नोव्हेंबरला, रविवारी चर्चहून घरी आल्या आल्या बॉवर्स यांना व्हाइट हाऊसमधून फोन आला. पलीकडे ट्रम्प आणि त्यांचे वकील रुडी जुलियानी. म्हणणं असं, की दोन लाख बेकायदा स्थलांतरितांनी मतदान केलंय, पाच-सहा हजार मेलेल्यांच्या नावावर मतं पडलीयेत, तेव्हा सभागृहाने बायडनचे इलेक्टर बाजूला ठेवून ट्रम्पचे पाठवावेत. बॉवर्स यांनी विचारलं, नावं आहेत का? हो, आहेत. मला देणार का? हो, देऊ. ती नावं शेवटपर्यंत आली नाहीत. पुढे फिनिक्सला समोरासमोर बैठक झाली, तेव्हा बॉवर्स यांच्या साक्षीप्रमाणे जुलियानी म्हणाले की आमच्याकडे थिअरीज खूप आहेत, पुरावा तेवढा नाही. आणि आणखी एक वाक्य: आपण सगळे रिपब्लिकनच ना इथे?

हे दुसरं वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. ‘आपलाच आहे ना तू?’ गावच्या सोसायटीच्या निवडणुकीपासून साखर कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून मंत्रालयापर्यंत आपण हेच ऐकत आलोय. पुरावा संपला की नातं काढायचं.

माझे बाबा शाळामास्तर होते, कराडजवळ. इलेक्शन ड्युटी किती वेळा लागली याची मोजदाद नाही. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने नाहीतर ट्रकने कुठल्यातरी वाडीवरच्या शाळेत जाऊन तिथेच वळकटी टाकायची, पहाटे उठून टेबलं मांडायची. संध्याकाळी मतदान संपलं की झालेल्या मतांचा हिशेब लिहायचा आणि प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची. बॉवर्स यांची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “बरं, मग त्यांनी यादी दिली का?” म्हटलं, नाही. “मग विषय संपला की. यादीशिवाय हरकत कसली?” दुसरा प्रश्न मात्र अस्सल महाराष्ट्राचा होता. “अरे, पण पक्षाने व्हिप नाही काढला त्याच्यावर?”

आता इथे थोडं थांबू, कारण गाठ इथेच आहे.

आपल्याकडे १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबावेत हा. पण त्यातून झालं काय, तर एकट्याने ‘मला हे पटत नाही’ म्हणणं धोक्याचं, आणि दोन-तृतीयांश जमवून विलीनीकरण करणं मात्र कायद्यात बसतं. एकटा माणूस बंडखोर, कळप असेल तर ‘राजकीय घडामोड’. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाचं ऐकलं नाही म्हणून बॉवर्स यांचं पद कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. त्यांना शिक्षा करायची असेल तर ती फक्त मतदार करू शकत होते. आणि ती झाली, त्यावर पुढे येतो.

४ डिसेंबरला त्यांनी निवेदन काढलं. मी ट्रम्पना मत दिलंय, निकाल मलाही आवडलेला नाही, पण निकाल फिरवण्यासाठी आहे तो कायदा मोडा, ही सूचना मी विचारातही घेणार नाही, असा त्याचा आशय. २०१७ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे जो जास्त मतं घेतो त्यालाच इलेक्टरांनी मत द्यायचं असतं. तो कायदा त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या काळातला.

मग कोर्टं. ८ डिसेंबरला ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने रिपब्लिकन पक्षाच्या राज्य अध्यक्षांची याचिका एकमताने फेटाळली. तिथले त्या वेळचे सगळे न्यायाधीश रिपब्लिकन गव्हर्नरांनी नेमलेले होते, हे लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी फेडरल कोर्टानेही दुसरी याचिका काढून टाकली. १४ डिसेंबरला इलेक्टरांनी मतं दिली. संपलं असं वाटलं.

पण ४ जानेवारी २०२१ ला बॉवर्स यांना ट्रम्प यांचे आणखी एक वकील जॉन ईस्टमन यांचा फोन आला. इलेक्टरांची मान्यता काढून घ्या. बॉवर्स म्हणाले, मला असा अधिकारच नाही, आणि मी शपथ घेतलीय. तेव्हा ईस्टमन यांचं म्हणणं, साक्षीप्रमाणे, असं होतं: आधी करून टाका, कोर्ट काय ते बघेल.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत धोकादायक वाक्य हे आहे. कारण ते ऐकायला वाजवी वाटतं! कोर्टावर विश्वास आहे ना तुमचा? मग चुकलं तर कोर्ट सुधारेल की.

नाही सुधारत. आणि हे आपल्याला, महाराष्ट्रातून आलेल्यांना, कोणी वेगळं समजवायला नको. जून २०२२ मध्ये सरकार पडलं. कोण बरोबर, कोण चूक यात आज शिरत नाही, इथे दोन्हीकडचे मित्र आहेत आणि गणपतीत आरती एकत्रच करायची आहे. पण ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं ते आठवा. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. नव्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय पुन्हा अध्यक्षांकडेच, आणि तो आला १० जानेवारी २०२४ ला. म्हणजे घटना घडल्यावर दीड वर्षाने. तुम्ही कुठल्याही गटाचे असा, एवढं मान्य कराल की कोर्ट चूक झाली हे सांगू शकतं, घड्याळ मागे फिरवू शकेलच असं नाही.

ॲरिझोनात कोर्टाचं काम चार-आठ दिवसांत उरकलं, कारण तोवर कोणी काही ‘करून टाकलेलं’ नव्हतं. सभागृहाने दुसरे इलेक्टर पाठवले असते तर कोर्टापुढे साधी याचिका नसती, दोन सरकारांचं भांडण असतं. म्हणून कोर्टाच्या आधी, खुर्चीवर बसलेल्या माणसाने ‘नाही’ म्हणणं महत्त्वाचं. रामशास्त्री प्रभुणे आपण उगाच आठवत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री राघोबांचे विरोधक नव्हते, पेशव्यांच्याच पदरचे होते. बाणा विरोधकाचा नसतो, आपल्याच माणसाचा असतो. विरोधक तर ‘नाही’ म्हणणारच!

विधिमंडळाला निवडणुकीबाबत कोर्टाच्या वरचा अधिकार आहे का, हा मोठा प्रश्न नंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या हाऊसचे स्पीकर टिम मूर, तेही रिपब्लिकन, त्यांचा दावा होता की फेडरल निवडणुकांचे नियम करताना राज्याच्या कोर्टाने आम्हाला अडवू नये. २७ जून २०२३ ला न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: राज्यघटना आणि राज्याची कोर्टं विधिमंडळालाही लागू आहेत. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स, म्हणजे तेही कॉन्झर्व्हेटिव्हच.

किंमत काय पडली? बॉवर्स यांच्या ऑफिसात वीस हजारांवर ईमेल आले. शनिवारी-शनिवारी घरासमोर भोंगे लावून लोक यायचे, ट्रकवर त्यांच्याबद्दल घाणेरडे आरोप लिहिलेले असायचे. आत त्यांची मुलगी गंभीर आजारी होती. जानेवारी २०२१ अखेर ती गेली. हे साक्षीत सांगताना त्यांचा आवाज अडखळला, तेवढा एकच व्हिडिओ शोधून बघा.

तरी ते थांबले नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला त्यांच्याच पक्षाच्या एका आमदाराने विधेयक आणलं: पोस्टाने आणि आधी होणारं बहुतेक मतदान बंद, मोजणी हाताने, आणि निकाल स्वीकारायचा की फेटाळायचा हे विधिमंडळ ठरवणार. हाऊसमध्ये रिपब्लिकन ३१, डेमोक्रॅट २९. बॉवर्स यांनी ते विधेयक एका समितीकडे पाठवलं नाही, बाराच्या बारा समित्यांकडे पाठवलं. बारा दारं ओलांडून विधेयक बाहेर येतंय थोडंच! तिथेच मेलं. आपण घरी किचनच्या टेबलावर बसून जी मतपत्रिका भरतो ना, ती वाचली त्यात या माणसाचा वाटा आहे.

त्यांना संत करायचं नाहीये मला. साक्षीच्याच सुमारास ते एका मुलाखतीत म्हणाले होते की ट्रम्प पुन्हा बायडनविरुद्ध उभे राहिले तर मत त्यांनाच देईन. अनेकांना ते खटकलं, मलाही. महिनाभराने म्हणाले, कधीच देणार नाही. पण विचार करा, ज्याला मत द्यायची तयारी आहे त्याच्यासाठीसुद्धा कायदा मोडणार नाही, यालाच तर नियम पाळणं म्हणतात. नावडत्या नेत्याला नियम दाखवायला काय लागतं?

जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. हाऊसमधली मुदत संपली म्हणून ते सिनेटला उभे राहिले होते. २ ऑगस्टच्या प्रायमरीत जवळजवळ दोनास एक अशा फरकाने पडले. पुरस्कार मिळाले, राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदकही मिळालं. पण सीट गेली.

आता मुद्द्यावर येतो. बॉवर्स यांना कोर्टाने पाडलं नाही, विरोधी पक्षाने पाडलं नाही. पाडलं ऑगस्टच्या उन्हात मतदानाला गेलेल्या थोड्या लोकांनी. ज्या जिल्ह्यात एकाच पक्षाचं वजन आहे तिथे नोव्हेंबरला काही ठरत नाही, प्रायमरीतच ठरतं. आणि आपण काय करतो? चार वर्षांनी एकदा राष्ट्राध्यक्षाला मत द्यायचं, ‘मी मतदान केलं’चा स्टिकर लावून फोटो टाकायचा, बस. आपल्या जिल्ह्याचा एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी कोण, असं मंडळाच्या पिकनिकला विचारून बघा. बारामतीत कोण, ठाण्यात कोण, हे सगळ्यांना पाठ!

माझ्यासारखे जे इंडिपेंडंट आहेत त्यांच्यासाठी खास: ॲरिझोनात आपल्याला राज्याच्या प्रायमरीत मत देता येतं. ज्या पक्षाची प्रायमरी इंडिपेंडंट मतदारांना खुली आहे अशा एका पक्षाची मतपत्रिका मागायची, एवढंच. पण ती मागावी लागते, टपालाने आपोआप येत नाही. आपल्यातले कित्येक जण नेमके इथेच सुटतात.

पक्ष कुठलाही निवडा, मी कोण सांगणारा. उमेदवार दारात आला किंवा टाउन हॉलमध्ये भेटला तर मात्र एक प्रश्न विचारा: तुमचा पक्ष हरला, पुरावा नाही, आणि वरून फोन आला की करून टाका, कोर्ट काय ते बघेल, तर तुम्ही काय करणार? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

चर्चा करा, मतभेद असतील तर मोकळेपणाने लिहा. फक्त आकडा दिलात तर सोबत यादी द्या, बाबा वाचतात ही पोस्ट.