ओळंब्याचा न्याय

आमच्या साताऱ्याच्या घरी माळ्यावर बॅगाटेलचा एक पट होता. उन्हाळ्याच्या सुटीत तो खाली उतरे, फडक्याने पुसला जाई आणि ओटीवर मांडला जाई. उजव्या कडेच्या पन्हळीतून दट्ट्याने गोळी वर सोडायची, ती माथ्याच्या कमानीवरून वळून खाली घरंगळायची, आणि वाटेत खिळ्यांच्या कुंपणांत कोठे अडकेल तेवढे गुण आपले. या बारीक खिळ्यांना मराठीत चुका म्हणतात. तेव्हा गोळीचा सारा प्रवास चुकांमधूनच होई. गोळी शंभराच्या कुंपणाच्या तोंडाशी येऊन रेंगाळली की आमचा हात नकळत पटाच्या कडेला लागे आणि थोरले बंधू ओरडत. पटाला हात लावणे ही त्यांच्या मते निखळ लबाडी होती. आमच्या मते मात्र दट्ट्या ओढणारा हात जर खेळातला, तर कडेला लागणारा हातही खेळातलाच. हा वाद कधी मिटला नाही. आई पट उचलून पुन्हा माळ्यावर टाकी, एवढाच त्याचा निकाल.

या वादाचा निवाडा एका यंत्राने फार पूर्वीच करून ठेवला होता, हे आम्हांस २०१८ साली कळले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या ॲलमिडा नावाच्या बेटावर पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे, तेथे आम्ही त्या वर्षी बंधूंसमवेत गेलो होतो. दारात एकदा प्रवेशमूल्य भरले की आतल्या जुन्यानव्या यंत्रांवर नाणे न टाकता हवे तितके खेळता येत होते. बंधू नाखुशीनेच आले होते. १९८२ साली ते शिकण्यासाठी अमेरिकेत गेले, तेव्हा व्हिडिओ गेमच्या दुकानांचा भर होता आणि पॅक-मॅन हे त्यांचे दैवत होते. पिनबॉल त्यांना तेव्हाही मागासलेला वाटे. तासाभरात त्यांनी आपले मत ठामपणे मांडले : "यात न्याय नाही. मी काहीही चुकलो नाही, तरी गोळी गेली."

प्रस्तुत लेख त्या तक्रारीला उत्तर म्हणून लिहीत आहोत. काही माणसे व्हिडिओ गेमपेक्षा पिनबॉल का पसंत करतात, या प्रश्नाचे उत्तर सहसा 'गतकाळाची ओढ' असे दिले जाते. आमच्या बाबतीत ते लागू पडत नाही. ज्या यंत्राला पन्नाशी उलटल्यावर प्रथम हात लावला, त्याच्याविषयी गतकाळाची ओढ कोठून असणार?

आधी यंत्राची ओळख. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बॅगाटेल टेबलावर काठीने खेळत. १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी सिनसिनाटी येथे त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट घेतले, आणि स्प्रिंगचा दट्ट्या खेळात रुजला. १९३१ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीचे 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून चालवायचे यंत्र मंदीच्या दिवसांत अमाप खपले. ज्यांच्यामुळे आजचा पिनबॉल ओळखला जातो ती फ्लिपर नावाची वल्ही मात्र बरीच उशिरा, १९४७ साली, त्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आली. याचा अर्थ असा की तोवर गोळी एकदा सुटली की खेळाडूच्या हाती एकच साधन उरे : यंत्राला धक्का देणे. बंधू ज्याला लबाडी म्हणत, तोच कित्येक वर्षे या खेळातला मुख्य कसब होता. हे आम्ही त्यांना तेथल्या तेथे ऐकवले. त्यांनी ते ऐकले नाहीसे केले.

आता त्यांची बाजू, कारण ती हलकी नाही. पॅक-मॅनमधली चार भुते वेडीवाकडी धावताना दिसतात, पण प्रत्येकाचा नियम ठरलेला आहे. लाल भूत थेट आपल्या मागे लागते; गुलाबी भूत आपण जाणार असू त्याच्या चार घरे पुढचा वेध घेते. आपण तीच वळणे त्याच क्षणी घेतली तर भुतेही त्याच वाटांनी येतात. त्यामुळे या चक्रव्यूहाचे मार्ग पाठ करता येत. ते शिकवणाऱ्या पुस्तिका त्या काळी छापल्या जात आणि बंधूंकडे अशी एक होती. या खेळात मिळू शकणाऱ्या गुणांचीही कमाल मर्यादा ठरलेली आहे : ३३,३३,३६०. दोनशे छप्पन्नाव्या पातळीवर यंत्राची मोजणी ओसंडते, पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटलेल्या अक्षरांनी भरतो आणि खेळ पुढे जाऊ शकत नाही. एखादी संहिता शेवटच्या पानापर्यंत बिनचूक म्हणावी, तसा हा खेळ पुरा करता येतो.

बंधूंनी त्या संध्याकाळी परतताना एक गोष्ट सांगितली, जी पूर्वी कधी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती पुढे चालू राहील की नाही, व्हिसाचे काय होईल, बोललेले इंग्रजी समोरच्यास कळेल की नाही, यांतले काहीच नक्की नव्हते. त्या परक्या गावात दिलेला शब्द पाळणारी एकच वस्तू होती, आणि ती पॅक-मॅनची पेटी. तेथे हरलो तर कोठले वळण चुकले हे सांगता येई, आणि दुसऱ्या दिवशी ते सुधारता येई. ज्याला हा आधार मिळाला, त्याच्या पसंतीला आम्ही कसे हसावे?

परंतु पिनबॉलचा करार निराळा आहे. तेथे फळी सुमारे साडेसहा अंशांनी उतरती असते आणि तिच्यावर ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते. बंपर कोठे बसवावेत, कोणत्या मार्गाला किती गुण द्यावेत, कोणता दिवा केव्हा लावावा, हे सारे माणसानेच ठरवलेले असते. १९९२च्या 'द ॲडम्स फॅमिली' या गाजलेल्या यंत्रात तर फळीखाली लोहचुंबक बसवून गोळीला भलतीकडे खेचण्याचीही सोय आहे. पण दोन टकरींच्या मध्ये गोळी काय करील, हे रचनाकाराच्या हाती नसते. ते गुरुत्वाकर्षणाच्या, घर्षणाच्या, रबरी कड्यांच्या ताणाच्या आणि फळीवर साचलेल्या धुळीच्या हाती असते. म्हणून एकाच नमुन्याची दोन यंत्रे एकसारखी खेळत नाहीत. पायांचे स्क्रू जरा फिरवले, रबर जरा जून झाले, की खेळ बदलला. पॅक-मॅन ही छापील पोथी आहे. तिची कोणतीही प्रत उघडली तरी पाठ तोच. पिनबॉल हे कीर्तन आहे : आख्यान ठाऊक असले तरी आजचा रंग आजच कळतो.

यावर कोणी म्हणेल, धूळ आणि घर्षण यांचेही गणित मांडता येते. येते, आणि मांडलेही गेले आहे. आपल्याकडे पुष्कळांची पिनबॉलशी पहिली भेट ही अशा गणिताशीच झाली. विंडोज एक्सपीबरोबर येणारा 'स्पेस कॅडेट' हा खेळ महाविद्यालयांच्या संगणककक्षांत कोणी खेळला नसेल? त्याच्या पुढच्या कथेत मोठा बोध आहे. ६४ बिटांच्या संगणकांसाठी तो उतरवू गेले, तेव्हा टक्कर ओळखणारा भाग बिघडला आणि गोळी वस्तूंतून भुतासारखी आरपार जाऊ लागली. दोष सापडेना, म्हणून मायक्रोसॉफ्टने तो खेळ वगळला. रेमंड चेन यांनी ही हकीकत २०१२ साली लिहिली आहे. खरी गोळी लाकडातून आरपार जाण्याचा दोष करू शकत नाही. तिला नियम कोणी सांगितलेले नाहीत. ती नियमातच राहते. आपले बोट, आपले मनगट, यंत्राची काच आणि गोळी ही सगळी एकाच सृष्टीची प्रजा आहे, ही जाणीव पिनबॉल खेळताना तळहाताला होते. आमच्या मते पसंतीचे खरे कारण येथे आहे.

याच सृष्टीत ती घटनाही घडते जिने बंधू चिडले. गोळी कधीकधी दोन फ्लिपरांच्या बरोबर मधून खाली जाते. डावे हलवून उपयोग नाही, उजवे हलवून उपयोग नाही. ज्यात कोणाचीच चूक नाही असा हा तोटा आहे. आमचे वडील गेले तेव्हा बंधू वेळेवर पोहोचू शकले नाहीत. त्या दिवसांतल्या विमानांचा हिशेब ते अजूनही मांडतात : तार आधी आली असती तर, मुंबईऐवजी दुसरीकडून आलो असतो तर. प्रत्येक पराभवामागे एक चुकलेले वळण असलेच पाहिजे, ही शिकवण पॅक-मॅनने त्यांना दिली असे आम्ही म्हणणार नाही; तो स्वभाव आधीपासूनचा. पण ओटीवरच्या पटाला हात लावण्यास ज्याने आयुष्यभर मनाई केली, त्याला कोणाच्याही चुकीविना गेलेली गोळी सोसवत नाही, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम दिसले.

कौशल्य किती आणि दैव किती, हा प्रश्न या खेळाला न्यायालयासारख्या जागीही विचारला गेला आहे. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी आणली. जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली गेली. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी नगरपरिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प यांनी खेळून दाखवले. दट्ट्या ओढण्यापूर्वीच त्यांनी सांगितले की गोळी वरच्या मधल्या मार्गातून जाईल, आणि ती गेली. बंदी उठली. त्या एका दट्ट्यात सराव किती होता आणि दैव किती, याची वाटणी कोणी करावी? आम्हांस वाटते, ती वाटणी होत नाही म्हणूनच हा खेळ आहे. जेथे सगळे दैव आहे तो जुगार, जेथे सगळा सराव आहे ते पाठांतर.

साहित्याने या खेळात रस घेतला तोही याच सीमेवर. विल्यम सरोयान यांच्या १९३९च्या 'द टाइम ऑफ युवर लाइफ' या नाटकात विली नावाचा तरुण मद्यगृहातल्या यंत्राशी झुंजत राहतो आणि अखेरीस जिंकतो, तेव्हा यंत्र दिवे आणि झेंडे उभारून त्याचा गौरव करते. हारुकी मुराकामी यांच्या 'पिनबॉल, १९७३' या कादंबरीचा निवेदक हरवलेले एक यंत्र शोधत फिरतो. ते सापडते तेव्हा त्याच्याशी बोलतो, पण खेळत मात्र नाही. ही कादंबरी १९८० साली आली, ज्या वर्षी तोक्योत पॅक-मॅन अवतरला. शोधण्याजोगे, बोलण्याजोगे यंत्र म्हणून लेखकाला पिनबॉलच सुचावा हे स्वाभाविक आहे. ज्याची दुसरी प्रत तंतोतंत तशीच असते, त्याचा विरह होत नाही.

आता तो निवाडा. पिनबॉलच्या पेटीत, बाहेरून न दिसेल असा, एक ओळंबा टांगलेला असतो. गवंडी भिंत धरताना लावतो तसाच, फक्त तारेला लोंबणारे हे वजन धातूच्या एका कड्याच्या मधोमध असते. यंत्राला हलका धक्का दिला तर ओळंबा हलतो आणि पुन्हा स्थिरावतो. जोराचा दिला तर कड्याला टेकतो, विद्युतमंडल पुरे होते आणि पेटी टिल्ट होते : फ्लिपर निर्जीव पडतात आणि गोळी जाते. या बंदोबस्ताची कल्पना हॅरी विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात काढली. यात धक्क्याला मनाई नाही, पण तो अमर्यादही नाही. किती चालेल हे पाटीवर लिहिलेले नसते. ते हाताने शोधावे लागते, आणि प्रत्येक यंत्रावर नव्याने. साताऱ्याच्या ओटीवर आम्ही दोघेही अर्धेअर्धे बरोबर होतो.

१९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणे बंद केले, आणि पुढे बरीच वर्षे शिकागो परिसरातली स्टर्न ही एकच मोठी उत्पादक कंपनी उरली. २०११ साली जर्सी जॅक ही नवी कंपनी स्थापन झाली आणि पाठोपाठ आणखीही काही आल्या. लोक पुन्हा या खेळाकडे वळले ते का, यावर पुष्कळ लिहिता येईल. असो.

निघायच्या सुमारास बंधू सत्तरच्या दशकातल्या एका यंत्रापाशी उभे होते. त्यांची शेवटची गोळी वरच्या रबरावर आपटून सरळ मधल्या फटीच्या रोखाने येऊ लागली. फ्लिपरांचा उपयोग नव्हता, आणि ते त्यांनाही दिसत होते. आमच्या देखत त्यांनी दोन्ही तळहात पेटीच्या कडांवर ठेवले आणि सर्व शक्तीनिशी यंत्र डावीकडे ढकलले. दिवे विझले, वरच्या काचेवर 'टिल्ट' एवढी चार अक्षरे उमटली. गोळी जायची ती गेलीच.

त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही ओरडलो नाही. "जरा कमी जोराने," एवढेच म्हणालो, आणि त्यांनी पुन्हा खेळ सुरू करण्याचे बटण दाबले.