एक रेकॉर्ड आणि घरातली चार मतं

बडोद्याच्या मराठी घरांतल्या संगीताच्या आठवणी म्हटल्या की भजनी मंडळं, गणेशोत्सवातले कार्यक्रम आणि उस्ताद फैयाझ खाँसाहेबांचं नाव येतंच. या सगळ्यात आमच्या घरी एक परदेशी रेकॉर्डही गेली पंचेचाळीस वर्षं नांदते आहे. तिच्यावरून आमच्याकडे जितके वाद झाले तितके वाटणीवरूनसुद्धा झाले नाहीत. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं, संगीतातलं शिक्षण शून्य. त्यामुळे वादात माझी भूमिका कायम कारकुनाची, म्हणजे कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवायची. तेच आज लिहून काढतोय.

रेकॉर्डचं नाव 'काइंड ऑफ ब्लू'. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची, जाझ संगीताची. माझे थोरले बंधू १९७९ साली अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी ती आणली. ज्यांना जाझ परकं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारणपणे एक छोटी धून ठरलेली असते. ती सगळे मिळून वाजवतात, मग एकेक वादक आपल्या मनाने विस्तार करतो आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. आपल्या मैफलीत बंदिश आणि बढत असते, त्याचंच चुलत भावंड म्हणा.

ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. जागा म्हणजे कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ, जो पूर्वी चर्च होता. माइल्सबरोबर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. एकूण पाच रचना. वादकांना आधी फारशी तयारी करू दिलेली नव्हती, नुसते आराखडे हातात दिले होते.

एक गंमत बँकवाल्यांना विशेष आवडेल. त्या वेळी माइल्सच्या वाद्यवृंदातले नेमणुकीचे पियानोवादक होते विन्टन केली. ते स्टुडिओत आले, तर त्यांच्या जागी नोकरी सोडून गेलेले बिल इव्हान्स बसलेले! बदलीच्या ठिकाणी हजर व्हावं आणि आपल्या खुर्चीत जुनाच साहेब दिसावा, तसं. केलींच्या वाट्याला एकच रचना आली, 'फ्रेडी फ्रीलोडर'. ती त्यांनी अशी वाजवली की ऐकणाऱ्याला पाय हलवल्याशिवाय राहवत नाही.

आता मतं.

पहिलं मत हिचं. ही इथल्याच संगीत महाविद्यालयात गाणं शिकलेली, पुढे शाळेत संगीत शिक्षिका. पहिली रचना 'सो व्हॉट' संपली तशी म्हणाली, "काफी थाट आहे, पण काफी नाही." म्हणजे गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, स्वर सगळे काफीचे. पण रागाचं चलन नाही, वादी-संवादी नाही. थाटांची ही भाषा पंडित भातखंड्यांची, आणि पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली आमच्या बडोद्यातच भरलेली. त्यामुळे थाटावर बोलायचा हक्क आम्हा बडोदेकरांना जन्मजात आहे, असं ही मानते.

पण तिची खरी तक्रार पुढची होती. त्या रचनेत सोळा मापं एका षड्जावर चालतात, मग आठ मापं सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, आणि मग आठ मापं परत खाली. "अहो, यांनी षड्जच हलवला! तंबोरा लावला असता तर कळलं असतं." पाश्चात्त्यांना यात काही वावगं वाटत नाही. उलट, इतका वेळ एकाच स्वरसप्तकावर थांबायचं हेच त्यांना त्या काळी नवीन होतं. तोपर्यंतच्या जाझमध्ये मागचे स्वरमेळ भराभर बदलायचे आणि वादक त्यांच्यामागे धावायचा. माइल्सने ती धावपळ काढून टाकली. तिकडे जे थांबणं वाटलं, ते आमच्या हिला फार हलणं वाटलं. रेकॉर्ड एकच, पण ऐकणारा कुठून येतो त्यावर केवढा फरक!

दुसरं मत हिच्या भावाचं. आमचे मेहुणे तबल्यावर बसणारे, बोलायला तिखट. त्यांचं म्हणणं, "भाऊजी, याला मुखडा नाही आणि समही नाही. दोन स्वर पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. सुई अडकलीय का बघा." आणि योगायोग असा, की शेजारच्या गुजराती काकांनीही एकदा ओटल्यावरून खरंच विचारलं होतं, "पिन अटकी गई छे के शुं?" हिने भावाला बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. चार-चार मात्रांची बत्तीस मापं, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. मेहुणे म्हणाले, "आवर्तन असेल, पण समेवर यायचा आनंद कुठाय?" 'ऑल ब्लूज' मात्र त्यांना जरा बरं वाटायचं, कारण ते सहाच्या चालीत आहे आणि कान आपोआप दादऱ्याकडे जातो.

तिसरं मत मला गोव्यात मिळालं. १९८४ ते ८७ मी मडगावला होतो, आणि जाताना रेकॉर्डवरून कॅसेट भरून नेली होती. आमच्या शाखेत एक वयस्कर ख्रिस्ती गृहस्थ खातेदार होते. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवलेले. गोव्याच्या अशा कितीतरी वादकांनी हिंदी सिनेमाचं संगीत उभं केलं. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आपण सगळ्यांनी ऐकलाय, फक्त नाव ठाऊक नसतं. या गृहस्थांना पेन्शन नव्हती. थोडी मुदत ठेव होती, तिच्या नूतनीकरणाला यायचे. ओळख वाढली तसं मी त्यांना घरी बोलावून कॅसेट ऐकवली.

डोळे मिटून त्यांनी सगळी ऐकली. कॅननबॉल अ‍ॅडर्ली सुरू झाले की त्यांची बोटं मांडीवर चालायची. शेवटी म्हणाले, "साहेब, वाजवलंय उत्तम. हा आल्टोवाला तर हसत वाजवतो. पण यावर नाचणार कसं? लोक नाचायचे म्हणून हॉटेलवाले आम्हाला पगार द्यायचे. नुसतं बसून ऐकणारे किती असतात?"

हे मत मी कधीच विसरलो नाही. आमच्या घरातले वाद थाट आणि मात्रांचे होते, यांचा पोटाचा होता. जाझ नाचायच्या दिवाणखान्यातून उठून ऐकायच्या खोलीत गेलं तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढली, पण अशा वादकांची रोजी त्याबरोबर वाढली नाही. ती रेकॉर्ड त्यांना आवडली होती आणि आवडल्याचं दुःखही झालं होतं.

चौथं मत नातवाचं. तो टोरंटोला शिकतो. मोठ्या उत्साहाने मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "आजोबा, ही तर मी अभ्यास करताना लावतो. छान आहे, मधे मधे येत नाही." ही वैतागली. मला मात्र त्यात तथ्य वाटलं. ही रेकॉर्ड इतकी शांत आहे की लक्ष न देता ऐकता येते, आणि लक्ष दिलं तर संपत नाही. तिकडेही काहीजण हाच आक्षेप घेतात, की हे फार गुळगुळीत, पाहुणे आल्यावर लावायचं संगीत.

तिकडचे मतभेद आमच्यापेक्षा काही कमी नव्हते. मार्च १९६० मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिया सभागृहात याच माइल्सच्या कार्यक्रमात कोल्ट्रेन लांबलचक, उसळून वाजवत होते, तेव्हा काही श्रोत्यांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे वाहवा, तिकडे नापसंती. दुसऱ्या टोकाला, २००९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने या रेकॉर्डच्या गौरवाचा ठराव ४०९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. आमच्या जेवणाच्या टेबलावर चार माणसांत चार विरुद्ध शून्य कधी जमलं नाही.

आणि खुद्द माइल्स? १९८९च्या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलंय, की त्यांना जे साधायचं होतं ते या रेकॉर्डमध्ये साधलंच नाही. त्यांच्या कानात आफ्रिकेतल्या बोटांनी वाजवायच्या छोट्या वाद्याचा नाद होता, आणि लहानपणी आर्कान्सामध्ये रात्री रस्त्याने जाताना कानावर पडलेलं चर्चमधलं गाणं होतं. ते निसटलं, असं त्यांचं मत. लोकांनी उत्कृष्ट म्हणून डोक्यावर घेतलं आणि करणारा म्हणतो नेम चुकला. म्हणजे वादात पाचवा माणूस खुद्द रेकॉर्डचा मालक!

इतकी वर्षं हे ऐकून माझा एक हिशेब तयार झालाय. वादातला काही भाग ताळेबंदासारखा असतो, त्याला उत्तर असतं. उदाहरण देतो. १९८०च्या सुमारास ही पेटी घेऊन रेकॉर्डबरोबर वाजवायला बसली आणि म्हणाली, "पहिली बाजू पट्टीपेक्षा किंचित चढी आहे." मेहुणे म्हणाले प्लेअरचा पट्टा बिघडलाय. ही म्हणाली, "पट्टा बिघडला असता तर दुसरी बाजूही चढली असती. ती बरोबर लागते." भावाबहिणीचं हे भांडण बारा वर्षं मिटलं नाही. १९९२ साली कंपनीने नवी आवृत्ती काढली तेव्हा उलगडा झाला. २ मार्चला स्टुडिओतलं मुख्य टेपमशीन जरासं हळू चाललं होतं, म्हणून त्या दिवशीचं वादन, म्हणजे पूर्ण पहिली बाजू, रेकॉर्डवर किंचित चढ्या स्वरात आली. दुसऱ्या मशीनवरच्या टेपवरून ती चूक दुरुस्त केली गेली. जगभर तेहेतीस वर्षं लोक चढीच बाजू ऐकत होते. मला हे वाचायला मिळालं त्या दिवशी मेहुण्यांनी शेव-उसळ खाऊ घातली.

उरलेल्या भागाला मात्र असं उत्तर नसतं. तंबोरा, तबला, मुदत ठेव, परीक्षा, ज्याचं जे आयुष्य त्यातून त्याचं मत निघतं. त्याची बेरीज होत नाही, आणि करूही नये.

आता थोडं अवघड लिहितो. गेल्या चार वर्षांत हिचे कान गेलेत. आधी वरचे आवाज गेले. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, मुलांचं बोलणं. कानाच्या मशीनने बोलणं कळतं, पण गाणं त्यातून पत्र्याच्या डब्यासारखं आणि बेसूर येतं. ज्या बाईने पहिली बाजू चढी आहे हे नुसत्या कानाने ओळखलं तिला हे सोसलं नाही. पेटी झाकून ठेवली. कोणी गायला बसलं की आत निघून जायची. घरात रेकॉर्ड लावणं मीच बंद केलं. वादही बंद पडले, आणि खरं सांगतो, ती शांतता मला फार जड गेली.

गेल्या दिवाळीत मेहुणे आले होते, त्यांनी मुद्दाम 'सो व्हॉट' लावलं. ही उठून जाईल असं वाटलं. तिने कानातलं मशीन काढून ठेवलं आणि स्पीकरच्या लाकडी खोक्यावर हात ठेवून बसली. झांजेसारखी थाळी तिला ऐकू येत नाही, ट्रम्पेट अगदी पुसट. पण पॉल चेंबर्सचा बेस, माणसाएवढ्या उंचीचं ते बोटांनी छेडायचं वाद्य, त्याचा खर्ज तिच्यापर्यंत पोहोचत होता. त्या रचनेची गंमतच ही आहे की मूळ धून बेस वाजवतो आणि बाकीचे वर नुसतं दोन स्वरांत उत्तर देतात. आम्ही सगळे इतकी वर्षं ते उत्तरच धरून बसलो होतो.

ही भावाला म्हणाली, "दादा, तू म्हणायचास ना मुखडा नाही? मुखडा खाली आहे."

मेहुण्यांनी तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "सम तरी कुठे आहे?" हल्ली तिच्याशी बोलायला आम्ही दोनशे पानी वही ठेवतो. तिने ती ओढून घेतली आणि मात्रा मांडायला बसली. चहा गार झाला तरी दोघांचं चालूच होतं. आता मेहुणे दर रविवारी येतात, वहीची चौथी आवृत्ती सुरू आहे, आणि माझं कारकुनाचं काम सोपं झालंय, सगळं आपोआप लेखी मिळतं.

मंडळी, तुमच्याकडे इंदूरला, बेळगावला, हैदराबादला अशी एखादी रेकॉर्ड असेलच, जिच्यावर घराचं कधी एकमत झालं नाही. ज्यांच्याशी वाद घातला ती माणसं अजून असतील तर या रविवारी लावा, आणि कोण काय म्हणालं ते इथे जरूर लिहा.