पालखीच्या वाटेने : बारामती ते सराटी

बारामती, ज्येष्ठ वद्य अमावास्या

उंडवडी गवळ्याची मागे टाकून तुकोबारायांची पालखी बारामतीत पोहोचली आणि मुक्कामाचा बंदोबस्त लागेपर्यंत दिवेलागण होऊन गेली. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 साली ज्या सोहळ्याची परंपरा घातली, त्याच्या वाटेवर बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके लागोपाठ येतात. आणि याच दोन तालुक्यांच्या हद्दीत माझ्या आजीचे सारे आयुष्य गेल्यामुळे, प्रस्तुत लेखांकात पंढरीच्या वाटेबरोबर तिचीही हकीकत येणे अपरिहार्य आहे.

रात्री कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या वाड्यापर्यंत जाऊन आलो. त्यांच्या आश्रयाने मोरोपंत या गावी राहिले आणि 1794 साली येथेच त्यांनी देह ठेवला. एकाच रामकथेतून एकशेआठ रामायणे रचणारा कवी अशी त्यांची ख्याती आहे. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आजीला पंतांची एक आर्याही ठाऊक नसावी. तथापि तेच ते जुने द्रव्य घेऊन दर वेळी निराळी रचना साधण्याचा जो ध्यास पंतांना कथेच्या बाबतीत होता, तोच तिला वाकळीच्या बाबतीत होता, असे मला आज प्रकर्षाने वाटले.

सणसर, आषाढ शुद्ध प्रतिपदा

काटेवाडीत परीट मंडळींनी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या आणि मेंढपाळांनी आपल्या मेंढ्यांचे रिंगण घडविले. लहानपणी आजी आम्हा नातवंडांना घेऊन हा सोहळा पाहायला उभी राही. हात जोडलेले असत, ओठांवर विठ्ठलनाम असे. परंतु नजर मात्र अंथरलेल्या धोतरांवरून फिरत असे आणि कोणते अजून दोन वर्षे टिकेल, कोणते आता वाकळीच्या पोटात घालण्याजोगे झाले आहे, याची मोजदाद ती तेथल्या तेथे करी.

आमची वस्ती सणसरच्या शिवारात. तेथे आजीचा एक कायदा होता आणि त्याला घरातील कोणाचीही, अगदी आजोबांचीही, हरकत चालत नसे. उन्हाळ्यात शिवलेली नवी वाकळ आषाढात वाटेवरच्या एखाद्या वारकऱ्याने प्रथम अंथरल्याखेरीज घरातल्या माणसाने तिला अंग लावावयाचे नाही. "आधी माउली निजंल, मंग आपून," एवढेच तिचे तत्त्वज्ञान, आणि ते तिने कधी अधिक विस्ताराने सांगितल्याचे मला स्मरत नाही.

तिने शिवावयास घेतलेली अखेरची वाकळ तिच्या पश्चात तशीच फडताळात राहिली होती. ती मी बरोबर घेतली आहे. मात्र आता प्रत्येक दिंडीबरोबर ट्रक असतो, त्यात अंथरूण-पांघरूण असते. त्यामुळे काल आणि आज ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी मोठ्या अदबीने नकार दिला.

अंथुर्णे, द्वितीया

बेलवाडीच्या रिंगणात पताकावाले धावले, डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया धावल्या, अखेरीस अश्व धावले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी एकच झुंबड उडाली. त्यानंतरचा रस्ता उसाच्या फडांमधून जातो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास या मुलखात आले आणि बागायत व जिराईत अशा दोन दुनिया एकाच तालुक्यात नांदू लागल्या. आमची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या दुनियेत.

चैत्र-वैशाखात शेत रिकामे झाले की आजी अंगण सारवून घेई. इरकली लुगड्याचे अस्तर पसरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवी. आजोबांची विरलेली धोतरे आणि आमच्या बंड्या मध्ये तळहाताने चापून बसवी. वर दुसरे लुगडे घाली आणि काठापासून धावदोरा सुरू करून, चौकोनात चौकोन घेत, मध्याकडे येई. टाका लांब पडला की नखाने उसवून पुन्हा घाली, कारण लांब टाक्यात निजणाऱ्याच्या पायाचे बोट अडकते.

1972 च्या दुष्काळात ती खडी फोडावयास गेली आणि तेथे मिळालेली सुकडी पदरात बांधून आणून तिने मुले जगविली. त्या साली लाज राखण्यापलीकडे घरात चिंधीही शिल्लक नव्हती. म्हणून पुढच्या आषाढापूर्वी तिने घरातलीच एक वाकळ उसवली, धुतली आणि उलट्या अंगाने शिवून वारकऱ्यासाठी सिद्ध केली. दुष्काळाची सबब तिच्या कायद्याला मान्य नव्हती.

इंदापूर, चतुर्थी

पानमळ्यांचे निमगाव केतकी मागे पडले. इंदापूर ही मालोजीराजांच्या जहागिरीशी जोडलेली कसब्याची जागा. येथेही रिंगण झाले. परंतु आमच्या घरी इंदापूर तालुक्याचे नाव निघाले की विषय भीमेकडे वळे. उजनी धरणाचे पाणी 1980 च्या सुमारास चढत गेले तेव्हा जुने पळसदेव बुडाले. पाणी ओसरले म्हणजे तेथील प्राचीन मंदिर आजही वर दिसते. आजीच्या धाकट्या बहिणीचे घर त्याच पाण्याखाली गेले. नव्या गावठाणात तिला भेटावयास जाताना आजीने भांडी नेली नाहीत की धान्य नेले नाही. बहिणीच्या सासरची जुनेरी आधीच मागवून घेऊन त्यांची वाकळ शिवली आणि ती नेली. नुकसानभरपाईच्या यादीत न आलेली ती एकच मिळकत, असे आजोबा म्हणत.

सराटी, पंचमी

नीरेच्या या काठाला पुणे जिल्हा संपतो. उद्या प्रातःकाळी पादुकांना नीरास्नान घडेल आणि पालखी अकलूजला जाईल. आजी प्रतिवर्षी येथवर येई आणि येथूनच परते. दुभत्या म्हशी कोणावर टाकून पंढरी गाठली तर विठ्ठलच जाब विचारील, असे तिचे म्हणणे असे.

आज राहुटीत जालन्याकडच्या एका वृद्ध माउलीने वाकळ स्वीकारली. पण निजण्याऐवजी ती कंदिलाशी सरकली आणि काठापासून आत बोट फिरवीत मधल्या चौकोनापाशी थबकली.

"हे दोन हात हायेत," ती म्हणाली. "सारी वाकळ एकीची, ह्यो मधला चौकोन दुसरीचा."

दृष्टी गेल्यावर आजीने हातची सुई खाली ठेवली आणि तो चौकोन माझ्या आईने पुरा केला, हे खरेच होते. आई टाका लांब घालते. माउलीने काही न विचारता तेवढा दोरा नखाने उसवला. सुई मागताच चारदोघींचे बटवे उघडले. दोरा एकेरी घ्यावा की दुहेरी यावर मतभेद झाले आणि ते इतके वाढले, की विणेकऱ्याला हरिपाठासाठी दोनदा हाक द्यावी लागली.

(क्रमशः)