थर्मल पेस्ट सुकत नाही, बसते!



'क्युअरिंग' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? स्लॅबवर पाणी मारणारा माणूस, बरोबर? आमच्या नाशिकमध्ये जिकडेतिकडे बांधकामं चालू असल्याने मुलांनाही तेच आठवतं. म्हणूनच नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, प्रोसेसरची थर्मल पेस्ट सुकायला किती दिवस लागतात? तोवर पीसी बंद ठेवू का?"

त्याच्या घरी एकच संगणक, तोही जुना घेतलेला. त्यावर दहावीतल्या ताईचा अभ्यास, वडिलांचे हिशेब आणि याचे गेम. आता याला प्रोसेसर 'ओव्हरक्लॉक' करायचा होता, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. नको म्हणणं सोपं होतं. पण नको म्हटलेलं मुलं व्हिडिओ बघून गुपचूप करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आधी पेस्टचं बघू. दोन घासलेल्या फरश्या एकमेकींवर ठेवल्या तरी मध्ये बारीक फटी राहतातच. प्रोसेसर आणि वरचा हीटसिंक यांच्यामध्येही तसंच होतं, आणि त्या फटींत असते हवा. हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तांब्याची सुमारे ४००. पेस्ट मधली, साधारण ४ ते ८. म्हणजे हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण तांब्यापुढे अगदीच किरकोळ! म्हणून मटाराच्या दाण्याएवढीच लावायची. जास्त थापली की तीच अडसर होते.

काँक्रीट रासायनिक क्रियेने घट्ट होतं. पेस्ट घट्ट व्हायलाच नको. उष्णता आणि दाबाने ती पसरते, पातळ थर धरते. आर्क्टिक सिल्व्हर ५ या पेस्टसाठी कंपनी २०० तासांपर्यंतची मुदत सांगते, पण ते तास संगणक वापरण्याचे, चालू-बंद करण्याचे आहेत. त्यात तापमान दोन ते पाच अंश उतरतं, बस्स. बऱ्याच नव्या पेस्टना एवढीही मुदत नसते. तेव्हा पेस्ट लावा आणि लगेच चालू करा. खरोखर सुकलेली पेस्ट म्हणजे बदलायला आलेली पेस्ट.

आता ओव्हरक्लॉकिंग. ढोबळ नियम असा, की प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्के वाढवा : १.१ × १.१ × १.१ = १.३३. वेग १० टक्के, उष्णता ३३ टक्के जास्त! हे गणित त्याला फळ्यावर करायला लावलं. त्यात आपलं हवामान. जानेवारीच्या थंडीत टिकलेलं सेटिंग मे महिन्यात, खोली ३८ अंशांवर गेल्यावर टिकेलच असं नाही. खोली जेवढी तापते, साधारण तेवढाच प्रोसेसरही. १०० अंशांच्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. मग कुठला ओव्हरक्लॉक?

मग त्याच्या प्रोसेसरचं नाव पाहिलं. इंटेलचा, पण शेवटी 'के' अक्षर नाही, म्हणजे गुणक कुलूपबंद. चेहरा पडला बिचाऱ्याचा! पण तापमान बघितलं तर गेम चालू असताना ९५ च्या पुढे. आधी ताईच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या. वडिलांना शेजारी बसवून, प्लग काढून हीटसिंक उघडला. आत पेस्टचा पांढरा कोरडा पापुद्रा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. तापमान सत्तरीत आलं आणि अडखळणारा गेम सुरळीत चालू लागला. जो वेग तो वाढवायला निघाला होता, तो आधीच वाया जात होता.

तुमच्या वर्गात हे करायचं असेल तर वहीत तीनच रकाने पुरेत : खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, दोहोंतला फरक. नुसता दुसरा रकाना ठेवाल तर उन्हाळ्यात पेस्टला उगाच दोष द्याल. त्याची वही डिसेंबरपासून चालू आहे, फक्त ताईची परीक्षा संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही असं घरात ठरलंय.