गुंगी वेगळी, झोप वेगळी

इतकी वर्षं शिकवलं, त्यात सगळ्यात अवघड तास कुठला असं कुणी विचारलं तर मी मधल्या सुट्टीनंतरचा सांगेन. डबे खाऊन आलेली मुलं, वर पंख्याची घरघर आणि फळ्यावर व्याकरण! मागच्या बाकांवरच्या माना हळूहळू खाली जायच्या. सगळे दोष देतात भाताला. खरं तर दुपारची ही पेंग न जेवलेल्यालाही येते, ती शरीराच्या घड्याळातच आहे. भरपेट जेवणाने ती वाढते एवढंच.

यावरूनच आपला समज झाला की पोट भरलं की झोप छान लागते. पण मंडळी, ती गुंगी. झोप वेगळी.

आमच्याकडे रात्रीची पानं वाढली जायची दहाला. मुलगा-सून कामावरून येतात तेच नऊ वाजता. दिवसभरात सगळे एकत्र बसतात ते तेवढंच. पण अकराला आडवं झालं की ह्यांच्या घशाशी आंबट यायचं, मग खोकला. उठून बसायचं, पाठीशी उशा लावायच्या, पुन्हा तेच. ह्यांच्याबरोबर माझीही रात्र जायची.

कारण साधं आहे. जेवण जठरातून पुढे सरकायला काही तास लागतात. तोवर आडवं झालं की आम्ल अन्ननलिकेत वर येतं. म्हणून झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटपावं असं डॉक्टर सांगतात. आपली वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. त्या कुशीवर आम्ल वर येण्याचा त्रास कमी होतो, हे आता तपासूनही पाहिलेलं आहे. आमचे जैन शेजारी सूर्यास्तापूर्वी जेवतात ते अहिंसेसाठी, पण हा फायदा त्यांना आपसूक मिळतो.

चहाचंही तसंच. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं जवळपास निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. "मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो," म्हणणारे भेटतात. झोप लागत असेलही, पण ती गाढ राहत नाही. माझा दुसरा चहा आता दुपारी तीनलाच.

चहा हलवणं सोपं होतं. अवघड होतं ते पंगतीतून उठणं. आम्ही दोघं साडेसातला जेवतो म्हटल्यावर सुनेचा चेहरा उतरला. "आई, आमचं काही चुकलं का?" म्हणाली. तिला वेगळी चूल मांडल्यासारखं वाटलं. म्हातारी माणसं निराळी जेवायला लागली की लोकही अर्थ काढतात!

तोडगा तिनेच काढला. साडेसातला आम्ही मऊ भात, वरण, एखादी भाजी खातो. तिखट, तळलेलं काय ते दुपारी. दहाला पुन्हा सगळ्यांबरोबर बसतो, मी वाढायला आणि हे गप्पा मारायला. नात शाळेतलं सांगते, मुलगा ऑफिसातलं. महिनाभरात ह्यांचा रात्रीचा खोकला बराच कमी झाला. मीही सलग झोपू लागले.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

असो. तुमच्याकडे रात्रीची पानं किती वाजता वाढतात? आणि घरातली म्हातारी माणसं कुणासाठी जागी राहतात, तेही एकदा बघा.