आईची शुगरची फाईल

आई अकरा वर्षं भांडुप पश्चिमेच्या एका खाजगी डॉक्टरांकडे शुगर-बीपीसाठी जायची. डॉक्टर स्वभावाने चांगले, आईला नावाने ओळखायचे, नातवंडांची चौकशी करायचे. तीनशे रुपये फी, दहा मिनिटांत मोकळं. गेल्या वर्षी पैशांची ओढाताण झाली म्हणून तिला सरकारी दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू.

तिथे केसपेपरला रांग, बाकावर जागा नाही. आत एक तरुण डॉक्टर मुलगी. म्हणाली, "आजी, क्रिएटिनिन शेवटचं कधी केलंत?" आई माझ्याकडे बघायला लागली, मी पिशवी धुंडाळायला. रिपोर्ट सापडणार कुठून? तपासणीच झाली नव्हती. अकरा वर्षं नुसती बोटाला टोचून शुगर. क्रिएटिनिन १.६ आलं. गुडघ्यांसाठी रोज चालू असलेली दुखण्याची गोळी तिने तिथल्या तिथे बंद केली, मेटफॉर्मिन कमी केलं. चप्पल काढायला लावून तळवेही बघितले. आईचे पाय याआधी कुणा डॉक्टरने बघितल्याचं मला आठवत नाही.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. दोन महिन्यांनी गेलो तर ती डॉक्टर नव्हती. नवीन साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. बीपीची गोळी संपलेली, "बाहेरून घ्या." आम्ही घेतली. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, दोन आठवडे गोळीच नाही घेतली, काही होत तर नाही. बीपी दुखत नाही ना, तिथेच फसतं सगळं.

आणि हा एकट्या आईचा प्रश्न नाही. महापालिकेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांपैकी ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. यातले किती जण नियमित गोळी घेत असतील?

आमच्या गावाकडे सिंधुदुर्गात भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच आला. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, महिन्याभराचा साठा, प्रत्येक पेशंटची नोंद, आणि माणूस आला नाही तर त्याचा पाठपुरावा. मोठी मशीन नाही की एसी नाही. आईच्या खाजगी डॉक्टरांनी अकरा वर्षांत "का आला नाहीत" म्हणून कधी फोन केला नाही. सरकारी दवाखान्यातूनही अजून आलेला नाही.

आता फाईल मीच ठेवतो. पुढचं क्रिएटिनिन पंधरा तारखेला आहे. आई मात्र अजून विचारते, "त्या पहिल्या डॉक्टरांना भेटून येऊ या का रे, बरं नाही वाटत असं सोडून देणं."